घोड्याची आंघोळ आणि शॅम्पू: सगळ्यांना पडणारे प्रश्न

घोड्याला किती दिवसांनी शॅम्पू लावायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आधी हाच घेते. खरं उत्तर असं की बहुतेक लोक लावतात त्यापेक्षा कमी. घोड्याच्या कातडीतून एक तेलकट पदार्थ सतत बाहेर येत असतो, तोच केसांवर पसरतो, त्याच्यामुळे चमक येते आणि पावसाचं पाणी थेट कातडीपर्यंत न जाता वरच्यावर ओघळून जातं. शॅम्पूचं कामच तेल काढणं आहे, त्याला मळकं तेल आणि कामाचं तेल यातला फरक कळत नाही. त्यामुळे दर आठवड्याला फेस काढत बसलात तर कातडी कोरडी पडते, कोंडा दिसायला लागतो, मग लोकांना वाटतं घोडा अस्वच्छ आहे म्हणून अजून शॅम्पू, आणि हे चक्र सुरूच राहतं. साधा निरोगी घोडा असेल, रोज खरारा (ब्रशनं अंग घासणं) होत असेल, तर उन्हाळ्यात महिन्यातून एखादा शॅम्पू भरपूर झाला. बाकी वेळी घाम आला, चिखल लागला तर नुसतं साधं पाणी. औषधी शॅम्पूचा हिशोब वेगळा, तो डॉक्टर सांगतील तसा.

मग नुसत्या पाण्यानं घाम जातो का?

जातो, आणि छान जातो. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असतं, आपल्या घामापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. शिवाय त्यात लॅथरिन नावाचं एक प्रोटीन असतं जे साबणासारखंच वागतं. दोन मांड्यांच्या मधे किंवा लगामाचा पट्टा घासतो तिथे पांढरा फेस दिसतो ना, तो याचाच. त्या प्रोटीनमुळे घाम केसांतून पटकन पसरतो आणि अंग गार व्हायला मदत होते. म्हणजे रपेटीनंतर नीट पाणी मारलं, हात फिरवला की काम झालं. पण घाम तसाच वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच खोगीर टाकायचं हे मात्र करू नका, ते वाळलेलं मीठ खोगिराखाली बारीक वाळूसारखं घासतं.

माणसांचा शॅम्पू चालेल का?

दुसरं काहीच हाताशी नाही आणि शेपूट शेणानं भरलीय, अशा वेळी एकदा वापरला तर काही आकाश कोसळणार नाही. पण नेहमीसाठी नको. आपल्या कातडीचा पीएच 5.5 च्या आसपास असतो, म्हणजे थोडा आम्लाकडे, आणि घोड्याचा साधारण 7 च्या जवळ. आपल्यासाठी बनवलेली बाटली आपल्या कातडीला धरून बनवलेली असते. आणखी एक गोष्ट म्हणजे माणसांच्या शॅम्पूत वास आणि फेस दोन्ही दाबून घातलेले असतात, कारण आपल्याला ते आवडतं, पण एवढ्या मोठ्या अंगावरून तो फेस धुऊन काढताना जीव जातो. लहान बाळांचा शॅम्पू त्यातल्या त्यात सौम्य, पण त्यानं तेलकट मळ निघत नाही.

कपडे धुवायची पावडर, भांड्यांचा साबण?

पावडर कधीच नको. ती कापडासाठी आहे, जिवंत कातडीसाठी नाही, आणि केसांत अडकलेले तिचे कण नंतर घाम आला की परत ओले होऊन चरचरतात. भांड्यांचं लिक्विड काही लोक शेपटीच्या केसांना वापरतात, फार चिकट मळ असेल तर, तेवढं ठीक आहे, पण अंगाला नको, ते तेल अगदी मुळापासून ओढून काढतं.

बाटलीवर नेमकं काय बघायचं?

पुढे घोड्याचा फोटो असला म्हणजे झालं असं नाही, बाटली फिरवून मागचं वाचा. पहिल्यांदा बघा की ती कशासाठी आहे, रोजच्या धुण्यासाठी, पांढऱ्या केसांसाठी, की औषधी. मग घटक. सोडियम लॉरिल सल्फेट वर पहिल्या दोनतीनात असेल तर तो जोरदार फेस करणारा आणि तेल ओढणारा शॅम्पू, चिखलात लोळलेल्या दणकट घोड्याला एखादवेळी चालेल पण नाजूक कातडीला नको. कोकामिडोप्रोपिल बिटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड अशी नावं दिसली तर तो सहसा सौम्य असतो. ओटचा अर्क असलेला शॅम्पू खाजऱ्या कातडीला बरा वाटतो. टी ट्री तेल हे नैसर्गिक म्हणून विकतात पण नैसर्गिक म्हणजे सौम्य असं अजिबात नसतं, काही घोड्यांना त्यानं कातडी लाल होते. वास जितका कमी तितकं माझ्या मते चांगलं, घोड्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे आणि तो वास त्याला दिवसभर अंगावर घेऊन फिरायचा असतो.

आणि हो, माश्या-गोचिडांसाठीच्या शॅम्पूत परमेथ्रिन असेल तर तबेल्यात मांजर आहे का ते आधी बघा. घोड्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे. ओल्या घोड्याला अंग घासणारी किंवा ते पाणी चाटणारी मांजरं असतातच, तेव्हा अंग पूर्ण वाळेपर्यंत त्यांना लांब ठेवा, बादल्याही उघड्यावर सोडू नका.

स्पर्धेत उतरणारा घोडा असेल तर घटक दोनदा वाचा. अंगाला लावायच्या वस्तूतूनही बंदी असलेले पदार्थ तपासणीत सापडू शकतात. 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये, जिथली घोडेस्वारी हाँगकाँगला झाली होती, तिथे कॅप्सायसिन सापडल्यामुळे काही घोडे बाद झाले होते. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा ज्यानं येतो तो पदार्थ, तो दुखण्यावरच्या मलमांत घालतात.

नवीन शॅम्पू आणला, थेट सगळ्या अंगाला लावू का?

नको. मानेवर तळहाताएवढ्या जागी पातळ करून लावा, धुवा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. गांधी उठली नाही, केस उभे राहिले नाहीत, खाजवत नाहीये, मग पुढे जा.

आंघोळ घालायची नीट पद्धत काय?

आधी सगळं सामान जवळ आणून ठेवा, कारण ओला घोडा उभा करून ब्रश शोधायला पळणं म्हणजे अर्धी आंघोळ वाया. दोन बादल्या, दोन स्पंज (एक तोंडाचा, एक मागचा, रंग वेगळे ठेवा म्हणजे गफलत होत नाही), रबरी खरारा, पाणी निपटायची पट्टी म्हणजे स्वेट स्क्रेपर, मोठ्या दातांचा कंगवा, दोनतीन जुने टॉवेल.

मग कोरडा खरारा. ही पायरी लोक हमखास टाळतात आणि मग म्हणतात शॅम्पू चांगला नाही. सुटे केस, धूळ, वाळलेला चिखल आधी निघाला नाही तर पाणी पडल्यावर त्याचा सगळा राडा कातडीवर बसतो आणि त्याच्यावरून शॅम्पू नुसता घसरतो. खूरही आधीच साफ करून घ्या.

पाणी पुढच्या पायाच्या खुरापासून सुरू करा. हळूहळू गुडघा, खांदा, मान, मग पाठ, पोट, मागचे पाय. थेट पाठीवर गार पाण्याचा फवारा मारला तर कोणीही दचकेल, घोडा तर पाठीवर बसलेली माशी ओळखून तेवढीच कातडी थरथरवणारा प्राणी आहे.

शॅम्पू कधीही बाटलीतून थेट अंगावर ओतू नका. बादलीत पाण्यात मिसळा, स्पंजनं लावा. थेट ओतला की एका जागी सगळा जाड थर बसतो आणि तो तिथून निघता निघत नाही. घोड्याचे दोन भाग करा, आधी एक बाजू लावून लगेच धुवायची, मग दुसरी. ऊन असेल तर हे फार महत्त्वाचं, नाहीतर एक बाजू लावता लावता दुसऱ्या बाजूचा फेस वाळून जातो.

रबरी खरारा गोल गोल फिरवत फेस कातडीपर्यंत पोचवा, नुसत्या केसांवर नाही. गुडघे, मागच्या पायाचे सांधे, नडगी, जिथे हाड वर आहे तिथे हात किंवा मऊ स्पंजच वापरा.

धुऊन काढायला किती वेळ द्यायचा?

लावायला जेवढा लागला त्याच्या दुप्पट. मी हे इतकं ठासून सांगते याला कारण आहे. माझ्या घोडीला एका उन्हाळ्यात आयाळीच्या मुळाशी खाज सुटली, खांबाला मान घासून घासून वीतभर जागचे केस गेले. मी खुराक बदलला, माश्यांचा स्प्रे बदलला, झूल धुतली, काही फरक नाही. मग एक दिवस ती पावसात भिजून आली आणि मी आयाळीखाली बोटं घातली तर कातडी बुळबुळीत लागली, बोटं चोळली तर पांढरा फेस. शेवटचा शॅम्पू 12 दिवसांपूर्वी झाला होता. म्हणजे 12 दिवस तो साबण तिच्या कातडीवर बसून होता आणि मी सगळ्या जगाला दोष देत होते. त्या दिवशी मी नुसत्या पाण्यानं तिची मान अर्धा तास धुतली, आणि आठवडाभरात घासणं थांबलं, केस यायला मात्र बरेच दिवस लागले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पाणी स्वच्छ वाहायला लागलं की थांबायचं नाही. पट्टीनं पाणी निपटायचं, आणि ते निपटलेलं पाणी बघायचं. त्यात जरा जरी दुधाळपणा किंवा बुडबुडे असले तर परत पाणी. मग हात केसांच्या उलट्या दिशेनं फिरवायचा, बुळबुळीत लागता कामा नये. साबण लपून बसायच्या जागा ठरलेल्या आहेत: आयाळीचं मूळ, पोटाखालची मधली रेष, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा बसतो ती जागा, पुढच्या दोन पायांच्या मधे, मागच्या मांड्यांच्या आत, शेपटीचं बूड, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो तो. एवढ्या जागा बोटांनी तपासा, डोळ्यांनी नाही.

घामानं निथळणाऱ्या, तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर काही होतं का? स्नायू आखडतात म्हणतात.

ही भीती फार जुनी आहे आणि हिच्यामुळे घोडे तापून मरतात, म्हणून हे उत्तर जरा लांब होईल. गरमीत जोरात काम केलेला घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो, आणि तरीही आतली उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही, विशेषतः हवा दमट असेल तर, कारण घाम वाळतच नाही. अशा घोड्याला गार पाणी हाच उपाय आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्तानं यावर बराच अभ्यास झाला आणि तिथल्या दमट उन्हाळ्यात घोड्यांना गार पाण्यानंच थंड केलं गेलं, स्नायू आखडण्याची भीती खरी ठरली नाही.

सगळ्या अंगावर पाणी ओतत राहायचं, मान, खांदे, पाठ, पुठ्ठे, मांड्यांच्या आत, सगळीकडे. एकदा ओतून थांबायचं नाही, अंगावरचं पाणी लगेच गरम होतं. पाणी भरपूर असेल तर निपटायला थांबूसुद्धा नका, नुसतं ओतत राहा, तो निपटायचा वेळ पाणी टाकण्यात जास्त कामाला येतो. सावली आणि वारा हवा, पंखा असेल तर उत्तम, फक्त वायर पाण्यापासून लांब. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो उष्णता कोंडून धरतो.

निरोगी घोड्याचं स्वस्थ असतानाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. काम झाल्यावर ते वाढणारच, पण पाणी ओतूनही 40 च्या खाली येत नसेल, किंवा घोडा लडखडतोय, श्वास उथळ झालाय, घाम येणं अचानक थांबलंय, तर डॉक्टरला तिथूनच फोन आणि पाणी चालूच. प्यायलाही पाणी द्या, लांबवू नका.

इथे शॅम्पूचा काही संबंध नाही. तापलेला घोडा आधी थंड करायचा, आंघोळ दुसऱ्या दिवशी.

घोडा पाण्याला घाबरतो, पाइप दिसला की उड्या मारतो. काय करू?

त्याला बांधून ठेवून जबरदस्ती पाणी मारणं हा सगळ्यात वाईट मार्ग, त्यानं तो पाण्यालाच नाही तर त्या जागेला आणि तुम्हालाही घाबरायला लागतो. आधी नुसता बंद पाइप जमिनीवर ठेवा, त्याला वास घेऊ द्या. मग पाणी त्याच्यापासून लांब जमिनीवर बारीक धारेनं सोडा. तो शांत उभा राहिला की पाणी लांब न्या. मग जरा जवळ, परत शांत झाला की लांब. म्हणजे त्याला कळतं की पाय आपटून नाही तर शांत उभं राहून पाणी थांबतं. तो नाचत असतानाच तुम्ही पाणी बंद केलंत तर धडा बरोबर उलटा बसतो. पहिल्या दिवशी एका खुरावर पाणी घेतलं तरी पुष्कळ झालं. जमिनीवर आपटणाऱ्या पाइपच्या वळशालाही पुष्कळ घोडे बिचकतात, तेव्हा पाइप त्याच्या पायांत येणार नाही असा धरा. आणि काही घोड्यांना पाइप कधीच आवडत नाही, बादली आणि स्पंजनं ते मजेत उभे राहतात. मग तसंच घाला, बिघडलं काय.

बांधायचा का मोकळा ठेवायचा?

सवयीचा घोडा असेल तर मोहरकी (डोक्यावर घालायचा बांधायचा पट्टा) घालून, ओढली की लगेच सुटेल अशा गाठीनं बांधा. नवखा असेल तर कोणीतरी दोर हातात धरून उभं राहा, तुम्ही आहात त्याच बाजूला. खाली जमीन घसरडी नको, ओली फरशी आणि नाल ठोकलेले पाय म्हणजे अपघात ठरलेला, रबरी मॅट टाका. पाय धुताना खाली बसकण मारू नका, गुडघे टेकू नका, नुसते वाका म्हणजे पटकन मागे होता येतं. पायात बूट हवेत, चप्पल नाही. आणि घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, तेव्हा मागे जाताना अंगावर हात ठेवून, बोलत बोलत जा.

तोंड कसं धुवायचं?

ओल्या स्पंजनं, साध्या पाण्यानं, पाइप नाही. स्पंज पिळून घ्या, कपाळ, गालफडं, मोहरकीच्या पट्ट्याखालची जागा, मग डोळ्यांच्या कडा कापसानं. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, एका डोळ्यातला संसर्ग दुसऱ्यात नको. कानात पाणी जाऊ देऊ नका, बाहेरून पुसलं की बस. ज्यांच्या कानात एकदा पाणी गेलं ते घोडे पुढे डोक्याला हात लावू देत नाहीत, त्यांना परत विश्वासात आणायला फार दिवस लागतात.

शेपूट आणि आयाळ?

शेपूट बादलीत बुडवून धुतली तर सगळ्यात सोपं, बाजूला उभं राहून, मागे नाही. बुडाच्या कातडीवर बोटांनी चोळा, तिथे करड्या रंगाचा चिकट मळ बसतो आणि त्याच्यामुळेच बरेच घोडे शेपूट घासतात. कंगवा ओल्या केसांत टोकाकडून वर वर, आधी बोटांनी गुंता सोडवायचा. शेपटीचा लांब केस तुटला तर परत तेवढा व्हायला वर्षं जातात, तेव्हा घाई नको.

गुंता सोडवायचे सिलिकॉनवाले स्प्रे शेपटीला, आयाळीला मस्त, पण खोगिराच्या जागी चुकूनही मारू नका, केस इतके गुळगुळीत होतात की खोगीर सरकतं आणि स्वार खाली.

पांढऱ्या केसांवरचे पिवळे डाग जात नाहीत.

मुताचे आणि शेणाचे डाग केसात मुरतात, त्यामुळे एका धुण्यात जाणार नाहीत. जांभळा किंवा निळसर शॅम्पू मिळतो, तो डाग काढत नाही तर पिवळ्या रंगाला झाकतो, निळीसारखाच प्रकार. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलात तर पांढरी शेपूट जांभळट होते आणि ती छटा सहज जात नाही. खरा उपाय म्हणजे डाग ओला असतानाच पुसणं आणि खालचं अंथरूण कोरडं ठेवणं.

पांढऱ्या दिसणाऱ्या ग्रे घोड्यांची आंघोळ घालताना शेपटीखाली, गुदाजवळ काळ्या टणक गाठी आहेत का ते बोटांनी बघत जा. या घोड्यांत वय वाढलं की मेलॅनोमाच्या (कातडीतल्या काळ्या रंगाच्या पेशींच्या) गाठी बऱ्याचदा येतात, आंघोळीच्या निमित्तानं त्या लवकर सापडतात.

पाठीवर खपल्या आल्यात, केस झुपक्यानं निघतात. कोणता शॅम्पू?

आधी डॉक्टर, मग शॅम्पू. सतत भिजलेल्या पाठीवर डर्माटोफिलस नावाच्या जंतूमुळे अशा खपल्या येतात, केसांचा झुपका खपलीसकट निघतो आणि बारीक रंगाच्या ब्रशसारखा दिसतो. पायांवर, खुराच्या मागच्या खळग्यात चिखलानं जो त्रास होतो तोही बऱ्याचदा याच जंतूचा उद्योग. यासाठी सहसा क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक असलेला शॅम्पू देतात. तो लावून 10 मिनिटं ठेवावा लागतो, घड्याळ लावून, लावला आणि लगेच धुतला तर नुसता खर्च. डोळ्यांत तो अजिबात जाता कामा नये, इजा करतो. वाळलेल्या खपल्या ओरबाडू नका, खूप दुखतं, फेसानं मऊ होऊ द्या, सुटतील तेवढ्याच काढा. आणि धुतल्यावर पूर्ण कोरडं करणं हा अर्धा इलाज आहे, ओलाव्यातच तो जंतू वाढतो.

गोल गोल चट्टे असतील तर ती नायट्याची बुरशी असू शकते. ती तुम्हालाही लागते. हातमोजे घाला, त्या घोड्याचे ब्रश, झूल, खोगिराखालचं कापड सगळं वेगळं.

फक्त पांढऱ्या पायावरची गुलाबी कातडीच लाल होऊन सोलत असेल आणि शेजारचा रंगीत पाय ठणठणीत असेल, तर तो चिखलाचा त्रास नसून उन्हाचा असू शकतो, आणि त्यामागे कधी कधी यकृताचं दुखणं असतं. त्याला कितीही औषधी शॅम्पू लावला तरी उपयोग नाही.

नर घोड्याचं लिंग आणि आजूबाजूची कातडी धुवायची का?

धुवायची, पण सारखी नाही. आत जमणारा करडा मळ थोडा असणं नैसर्गिक आहे. वर्षातून एकदोनदा, कोमट पाणी आणि अगदी सौम्य, बिनवासाचा साबण, हातमोजे घालून, आणि मग भरपूर पाणी. जंतुनाशक औषधं नकोत, तिथले चांगले जंतू मरतात आणि मग वाईट वाढतात. टोकाशी मूत्रमार्गाच्या बाजूच्या खाचेत कधी कधी मळाचा टणक खडा बनतो, त्यानं लघवीला त्रास होऊ शकतो. धार वाकडी किंवा थेंबथेंब येत असेल तर डॉक्टरकडूनच काढून घ्या. पहिल्यांदा तर डॉक्टर किंवा जाणत्या मोतद्दाराला करताना बघा, न आवडणारा घोडा लाथ घालतो.

घोडीच्या कासेच्या मधल्या खाचेतही असाच मळ जमतो. शेपूट का घासते कळत नसेल तर तिथे एकदा बघा, पुष्कळदा कारण तेच निघतं.

थंडीत आंघोळ?

हवा 10 अंशांच्या खाली असेल तर पूर्ण आंघोळ नको, विशेषतः वारा असेल तर. लांब केस भिजले की वाळायला तासन्‌तास लागतात आणि केस उभे राहून जी ऊब धरतात ती ओल्या केसांत राहत नाही. म्हातारे घोडे, बारीक झालेले घोडे यांना तर जपायलाच हवं. त्याऐवजी गरम पाण्यात टॉवेल बुडवून अगदी घट्ट पिळायचा आणि थोड्या थोड्या जागी चोळायचा, मागून लगेच कोरड्या टॉवेलनं पुसायचं. पाण्याची वाफ येत असली तरी पिळलेला टॉवेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आत लावून बघा. याला वेळ लागतो पण घोडे यात अक्षरशः डुलक्या घेतात, माझी घोडी खालचा ओठ सोडून एक पाय सैल करून उभी राहते.

भिजवावंच लागलं तर पाणी निपटून वर फ्लीसची झूल टाका, ती ओली झाली की बदला.

शिंगरू कधी धुवायचं?

नव्या शिंगराला नकोच. आई त्याला वासानं ओळखते, आणि त्याला अंगाची ऊब टिकवता येत नाही. घाण लागली तर कोमट पाण्यानं तेवढीच जागा पुसून कोरडी करा. मोठं झाल्यावर गरम दिवशी पायांवर पाणी घ्यायची सवय लावा, खेळीमेळीनं.

प्रेशर वॉशरनं पटकन होतं, वापरू का?

नाही.

आंघोळ झाल्या झाल्या तो मातीत लोळतो, सगळी मेहनत मातीत जाते.

त्याला लोळायचंच असतं, ओलं अंग खाजतं आणि त्याचा स्वतःचा वासही गेलेला असतो. वाळेपर्यंत दोर हातात धरून चारत फिरवा, म्हणजे बराचसा वाचतो. नंतर लोळला तर लोळू द्या, कोरड्या केसांवरची माती खराऱ्याच्या चार हातांत जाते.

शो आहे, आदल्या रात्री आंघोळ घालू का?

दोन दिवस आधी घाला. लगेच धुतलेल्या केसांत तेल नसतं म्हणून चमक मंद दिसते आणि आयाळ इतकी सुळसुळीत होते की वेण्या हातात टिकत नाहीत. दोन दिवसांत खराऱ्यानं तेल परत वर येतं. आदल्या दिवशी फक्त पांढरे पाय आणि डाग.

शॅम्पू बदलून बदलून दमलो, चमक काही येत नाही.

मग बाटलीत शोधू नका. जंत, दात, खाणं, आणि रोजचा खरारा, या चार गोष्टी आधी. आठदहा मिनिटं दोन्ही बाजूंना घाम येईपर्यंत (तुम्हाला, घोड्याला नाही) खरारा केलात तर महिन्याभरात जो फरक दिसतो तो कोणताही शॅम्पू देत नाही. म्हाताऱ्या घोड्याचे केस उन्हाळ्यातही लांब, कुरळे राहत असतील, गळत नसतील, तर ती कुशिंगच्या (हार्मोन बिघडण्याच्या) आजाराची खूण असू शकते, रक्त तपासून घ्या.

खुरांना पाणी चांगलं का वाईट?

रोज भिजवायचं, वाळवायचं, परत भिजवायचं हे वाईट, खूर आधी मऊ होतो मग तडकतो, नालाचे खिळे सैल होतात. आंघोळीनंतर घोडा पाण्यात उभा ठेवू नका, आणि मागचा खळगा टॉवेलनं टिपून कोरडा करा. टिपून, घासून नाही.

लगेच खोगीर घालता येईल का?

पूर्ण वाळल्यावरच. ओल्या कातडीवर खोगीर आणि तंग घासला की जखम होते, आणि ती जखम भरेपर्यंत स्वारी बंद. माश्यांचा स्प्रे वगैरेही धुऊन जातो, तो वाळल्यावर परत मारायचा.

बादलीत पातळ केलेला शॅम्पू उरला, झाकून ठेवू का पुढच्या वेळेला?

ओतून द्या. बाटलीतल्या दाट शॅम्पूला टिकवणारे पदार्थ त्या प्रमाणात असतात, पाणी घातलं की त्यांचा जोर संपतो आणि बादलीत जंतू वाढायला लागतात, वास येत नसला तरी. तोच पुढच्या वेळी खराऱ्यानं कातडीत चोळला तर केसांच्या मुळाशी पुळ्या उठू शकतात. स्पंजही स्वच्छ पाण्यात पिळून उन्हात वाळवा, ओला बादलीत टाकून ठेवू नका.